गव्हातली बाटली

अकरा मे. आज गच्चीवर गहू वाळत घातला. यंदा पहिल्यांदाच कीड मारायच्या गोळ्या विकत आणल्या आहेत. इतकी वर्षं आणता आल्या नाहीत, कारण कोठीत गव्हाच्या मधोमध एक बाटली असायची आणि बाटलीचे मालक त्या गोळ्या घरात येऊ देत नसत.

हे मालक म्हणजे वासकाका. माझ्या वडिलांबरोबर अंकुशनगरला साखर कारखान्यात होते, डिस्टिलरीच्या लॅबमध्ये. खरं नाव वेगळं, पण कॉलनीत सगळे वासकाकाच म्हणत. घरात आधी त्यांचं नाक शिरायचं, मग पाय. दारातूनच सांगायचे, "सुमन, गॅस कमी कर, डाळ लागून राह्यलीय." नवी छत्री, पाहुण्यांनी आणलेले पेढे, माझा बारा दिवसांचा मुलगा, सगळ्यांचा वास घेऊन मगच बोलायचे. मुलाला हुंगून म्हणाले, "बराबर हाय."

सगळी नोकरी दारूच्या वाफेत गेली, पण त्यांनी थेंब जिभेला लावला नाही. त्यांचे जोडीदार सलीमचाचा, परतूरचे, फिटर. पाच वेळचे नमाजी, त्यामुळे तेही तसेच. आणि नेमकी या दोघांना मिळून एका फ्रेंच इंजिनिअरने लाल वाइनची बाटली भेट दिली. तो यंत्र बसवायला आला होता. तापाने पडला तेव्हा या दोघांनी त्याची उठबस केली होती. बाटली त्याच्या गावाजवळच्या जुन्या, नामांकित मळ्यातली. लेबलवर दोन मनोऱ्यांची हवेली आणि खाली त्या मुलखाचं नाव, बोर्डो. आमच्याकडे बोर्डो म्हणजे मोसंबीच्या खोडाला लावायचा निळा लेप. आमच्या ह्यांनी विचारलंही, "काका, किती झाडांना पुरंल?" काका आठवडाभर ह्यांच्याशी बोलले नाहीत.

"आडवी ठेवा, अंधारात, थंडाव्यात. वीस वर्षं तरी उघडू नका," असं तो इंजिनिअर सांगून गेला होता. प्यायची नाही, विकायची नाही, मुरली की फक्त वास घ्यायचा, असं दोघांचं ठरलं. काकांच्या क्वार्टरवर पत्रे होते, म्हणून बाटली तीर्थपुरीला माझ्या दगडी घरात आली. दरवर्षी गहू उन्हाला घालायच्या दिवशी काका हजर. बाटली ओल्या फडक्यात गुंडाळून दिवसभर मांडीवर आडवी घेऊन बसायचे.

"काका, तुमच्या बाटलीपायी माझ्या गव्हाला किडे झालेत. गोळ्या टाकू द्या."

"किडे चाळून निघतात, सुमन. बुचातून शिरलेला वास न्हाई निघत."

वीस वर्षं होऊन गेली. चाचा म्हणायचे उघडू, काका म्हणायचे अजून मुरू दे. मग साथीच्या तापात काकांचं नाक गेलं. ताप उतरला, वास परत आला नाही. मी हिंगाचा खडा नाकाशी धरला, चेहरा हलला नाही. त्यानंतर ते दारातच उभे राहायला लागले, कुणी 'या' म्हणेपर्यंत. बाटलीचं विचारलं की म्हणायचे, "नाक येऊ दे परत. मंग उघडू."

नाक येईना. गेल्या मे महिन्यात गव्हाच्या दिवशी चाचा परतूरहून आले आणि काकांसमोर बसकण मारली.

"नाक की राह देखते देखते तू भी जाएगा, मैं भी जाऊंगा. खोल."

"मला काय कळणार हाय रे?"

"मेरेकू है ना नाक."

बूच जुनं होतं, ओढताना त्याचा भुगा झाला. मी मलमलीच्या कापडातून गाळून काचेच्या ग्लासात ओतलं. काकांनी ग्लास उजेडात धरला. "कडंला विटकरी रंग आलाय, मुरलीया," म्हणाले. आणि मग हळूच, "आंबली तर न्हाई ना?" इतकी वर्षं जपून शेवटी सिरका निघाला तर, हीच त्यांची धास्ती. आणि ते ओळखणारं नाक तर गेलेलं.

मी हुंगलं. "नाही आंबली. चांगला आहे वास."

"चांगला असा वास नसतो. नीट सांग."

मी परत नाक घातलं. "पेन्सिल छिलल्यावर येतो तसा. आणि सुकलेलं जांभूळ."

चाचांनी ग्लास घेतला. दोनदा हुंगला. "पट्टा. अपने पुराने पंप का, चमडे का. भीग के सूखा हुआ."

काकांनी डोळे मिटले. "एरंडीचं तेल लावायचास तू त्याला."

"वोच."

"मंग आला मला," काका म्हणाले.

ग्लास त्यांनी संध्याकाळपर्यंत जवळून हलू दिला नाही. प्यायलं कुणीच नाही. दुसऱ्या दिवसापर्यंत वास उतरला, तेव्हा मी मोरीत ओतलं. रिकामी बाटली चाचा घेऊन गेले.

काका या थंडीत गेले, झोपेत. नाक शेवटपर्यंत आलं नाही. पण त्या दिवसापासून दारात थांबणं मात्र त्यांनी सोडलं. सरळ आत यायचे आणि विचारायचे, "आज कशाचा वास हाय, सांग." कामाच्या गडबडीत मी चिडायचे, पण सांगायचे. 'चांगला' म्हटलेलं चालायचं नाही.

बारा मे. सकाळी गहू कोठीत भरला. सुनेने गोळ्यांची पुडी पुढे केली. "आता कशाची अडचण आहे, आई? बाटली तर नाही."

मी पुडी बाजूला ठेवली. कडुनिंबाचा वाळलेला पाला थराथराने टाकला, झाकण लावलं, आणि बाजारात जाऊन गोळ्या परत करून आले. किडे काय, चाळून निघतात.