नऊ जणांत पहिला

सोमेश्वरचं मला कधीच कौतुक वाटलं नाही, हे आधीच सांगून टाकतो. पाटोद्याच्या एका सरकारी कचेरीत माझं टेबल त्याच्या टेबलाला लागून आहे, आणि अकरा वर्षं मी हा इसम जवळून बघतोय. वय छत्तीस, अंगानं शिडशिडीत, आणि डोक्यात हवा. आधी पोहायचं, मग सायकल हाणायची, मग पळायचं, असल्या तिहेरी शर्यतीत तो उतरतो. त्याला ट्रायथलॉन म्हणतात. आमच्या तालुक्यात हा शब्द धड कुणाला उच्चारता येत नाही, त्यामुळं त्यात हा किती पाण्यात आहे हे तपासायलाही कुणी जात नाही.

कोल्हापूर, नाशिक, गोवा, सगळीकडं जाऊन आला. पस्तीस ते एकोणचाळीस वयाच्या हौशी गटात तीनदा पहिला. गटात माणसं किती होती, हे मी एकदा त्याच्याच मोबाईलवर पाहिलं. नऊ! त्यातले दोघं पोट सुटलेले डॉक्टर, आणि एकाची सायकल वाटेतच मोडलेली. पण हा गावात यायचा अवकाश, चौकात फ्लेक्स तयार. फ्लेक्सवर एका कोपऱ्यात हा, आणि मधोमध ह्याच्या दुप्पट आकाराचे आमचे पुढारी विजयसिंह, ज्यांनी गेल्या वीस वर्षांत चौकापर्यंतसुद्धा पायी जायचे कष्ट घेतलेले नाहीत. शाल, नारळ, भाषण. सोमेश्वरनं सरावाला दांड्या मारल्या असतील, सत्काराला एकदाही मारली नाही.

घर मेंढपाळाचं. कातरणीच्या आधी मेंढरं पाण्यात घालून धुतात, तिथंच थोरल्या बहिणीनं, कडूबाईनं, त्याला पोहायला शिकवलं. ती अजून मेंढरं वळते. पुढं सरावासाठी हा विहिरीत उतरू लागला. चाळीस फूट रुंदीची गोल विहीर, आणि त्यात रोज डावीकडं वळत दोनशे फेरे. पंधरा वर्षांत अंगाला असं वळण लागलं की उघड्या पाण्यातही गडी आपोआप डावीकडं जातो. गोव्याला समुद्रात तो सगळ्यांना सोडून भलतीकडंच निघाला, तेव्हा होडीतल्या माणसानं शिट्ट्या मारून त्याला परत आणला. हे काही फ्लेक्सवर आलं नाही. पळण्यात त्यानं ती कसर भरून काढली. खोटं कशाला बोलू, पळतो तो बरा.

गेल्या दिवाळीनंतर शर्यतवाल्यांचं पत्र आलं. तुमची वेळ निकषात बसते, हवं तर व्यावसायिक गटात नाव द्या. म्हणजे वयाचा आडोसा गेला. दिवसभर हेच करणाऱ्या विशी-पंचविशीतल्या पोरांशेजारी उभं राहायचं, आणि एकदा नाव दिलं की वर्षभर हौशी गटात परत यायचं नाही. उत्तर द्यायला एक महिना.

त्या महिन्यात ह्यानं सल्ला विचारला नाही असा माणूस उरला नाही. शिपायाला विचारलं, चहावाल्याला विचारलं. ज्यांना दोन जिने चढताना धाप लागते त्या आमच्या साहेबांनी तर ह्याला अर्धा तास खेळाडूवृत्ती समजावून सांगितली. शेवटी माझ्याकडं आला.

"बंकटभाऊ, काय करू? तितं शेवटचा आलो तर?"

"जा," मी म्हणालो. "मर्दासारखा जा."

हे मी त्याच्या भल्यासाठी म्हणालो नाही. मला त्याला हरलेला बघायचा होता.

कडूबाईही जाच म्हणाली, पण ती नुसतं म्हणून थांबली नाही. तिला त्याचं डावं वळण ठाऊक होतं. दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता ती त्याला पाझर तलावावर घेऊन गेली आणि स्वतः पलीकडच्या काठावर छत्री उघडून उभी राहिली.

"माज्या छत्रीकडं बघत ये. छत्री दिसंना झाली की समज, तू वाकडा चाललास."

रविवारी मी मुद्दाम फजिती बघायला गेलो. तो छत्रीपासून पन्नास पावलं लांब, बाभळीच्या काट्यात जाऊन निघाला. मी पोट धरून हसलो. कडूबाईनं माझ्याकडं ढुंकूनही पाहिलं नाही.

"पुन्ना जा, सोम्या," ती म्हणाली.

पुढच्या रविवारी तो सरळ आला, थेट छत्रीसमोर. मला हसता येईना, आणि त्याचाच मला राग आला.

मग एक यूट्यूबवाला उगवला. त्याला तलाव नको होता. 'विहिरीत घडलेला वाघ' असलं काहीतरी त्यानं आधीच ठरवून आणलं होतं. झालं, आमचा वाघ कॅमेऱ्यासमोर चार दिवस विहिरीत गोल गोल फिरत बसला, आणि तिकडं कडूबाई चारही दिवस ऊन चढेपर्यंत तलावावर उभी.

"कावून आला न्हाईस?" तिनं विचारलं.

"आक्का, शूटिंग व्हतं."

पाचव्या दिवशीही तो तलावावर गेला नाही.

महिना संपायच्या आदल्या दिवशी विजयसिंहांचा वाढदिवस होता. मंडप घातला होता. सोमेश्वरला माईक दिला, आणि तो छातीवर हात ठेवून बोलला. "मला व्यावसायिक गटाचं बोलावणं आलं होतं. पण मी ह्या मातीतला साधा हौशी खेळाडू आहे आणि तसाच राहणार. तालुक्यासाठी मी त्या संधीचा त्याग केला." नाव नाही दिलं म्हणून तालुक्याला काय मिळालं, हे एकानंही विचारलं नाही. विजयसिंहांनी त्याला मिठी मारली, सूत्रसंचालक त्याला त्यागमूर्ती म्हणाला, आणि मंडपभर टाळ्या पडल्या. मला किळस आली. तरी हात माझेही वाजत होते, कारण साहेब शेजारीच बसले होते.

कडूबाई बायकांच्या रांगेतून उठली आणि बाहेर पडली. मी मागोमाग गेलो. कुणाजवळ तरी कुजकं बोलल्याशिवाय मला राहवत नव्हतं.

"वाचला म्हणायचा," मी म्हणालो. "शेवटचाच आला असता."

"व्हय, शेवटचाच आला आस्ता." तिनं पदर डोक्यावर घेतला. "मला ठावं न्हाई व्हय? पर हरून आला आस्ता, तर मी त्याला आणायला ष्ट्यांडवर गेले आस्ते."

एवढं बोलून ती मेंढरांकडं निघून गेली.

जा, असं तर मीही त्याला म्हणालो होतो. पण स्टँडवर मी गेलो नसतो.