कासारणीचा नकार

मुलीच्या हातात हिरव्या बांगड्या भरायला कासारणीनं नकार दिला, तेव्हा माझ्या अंगाचा तिळपापड झाला. दुसऱ्या दिवशी डोहाळजेवण. जावयाच्या सुटीपायी ते लांबत लांबत आठव्या महिन्यावर आलेलं. त्याच्याच खरेदीला आम्ही दोघी मायलेकी इतवारीच्या बाजारात गेलो होतो. त्या आठवड्याची डॉक्टरांकडची तपासणीही मीच पुढे ढकलली होती. कार्यक्रम आटोपला की जाऊ, म्हटलं. पाय सुजले, तर पहिलटकरणीचे सुजतातच. डोकं दुखतं म्हणाली, तर मी तेल चोळून दिलं. मला सगळं कळतं, हा माझा जुना रोग.

तिच्या नेहमीच्या मापाच्या बांगड्या पंजाशीच अडल्या. मोठ्या मापाच्याही चढेनात. कासारणीनं तिच्या हातावर अंगठा दाबून धरला. उचलला, तर खड्डा तसाच राहिला.

"मी नाई भरत, बाई. आधी दवाखान्यात न्या हिले."

"शुभकामाले नाई म्हणतं? काहून वं?"

"माह्या पोरीचे हात असेच सुजले होते. मले नाई समजलं तवा," ती म्हणाली आणि बांगड्या परत कागदात गुंडाळायला लागली. तिच्या पोरीचं पुढे काय झालं, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मी ऑटो थांबवला.

दवाखान्यात बीपीचा आकडा पाहून नर्स धावतच डॉक्टरांकडे गेली. तासाभरात सिझेरियन झालं. आणखी एक दिवस घरी राहिली असती तर झटके येऊ शकले असते, असं डॉक्टर म्हणाल्या. मी नुसती भिंतीला टेकून उभी राहिले.

मुलगी वाचली. नात मात्र काचेच्या पेटीत. आईच्या बीपीमुळे बाळाच्या रक्तातल्या प्लेटलेट कमी झाल्या होत्या. दीड लाखाच्या वर हव्यात, त्या साठ हजार. पांढऱ्या पेशीही कमी. दुसऱ्या दिवशी प्लेटलेट बेचाळीस हजारांवर आल्या. तपासणीसाठी टाचेला सुई टोचली की रक्त लवकर थांबायचं नाही, नर्स कापूस दाबून उभी राहायची. डोक्यात रक्तस्राव व्हायला नको, एवढीच आता काळजी, असं डॉक्टरांनी सांगितलं. तपासणी मी ढकलली होती, दुसऱ्या कोणी नाही.

नवस बोलण्यात मी पटाईत. हे दे, मग मी ते देईन, अशी कोराडीच्या देवीशी मी आयुष्यभर घासाघीस केली. त्या दिवशी हात जोडले, तर एक नवस सुचेल तर शपथ! कोणत्या तोंडानं मागू? "मले काही समजत नाई, माय. तूच पाहा," एवढंच म्हणाले. तिनं काय करावं, हे पहिल्यांदाच मी तिला सांगितलं नाही.

चौथ्या दिवशी नर्सनं टाचेवरचा कापूस उचलला आणि रक्त आलं नाही. प्लेटलेट ऐंशी हजारांवर गेल्या होत्या. अशा बाळांच्या पेशी बहुधा आपोआप वाढतात, असं डॉक्टर म्हणाल्या. असेल. मी वाद घालत नाही. इतवारीच्या त्या गर्दीत देवीनं मला नेमकं कोणापुढे बसवलं, तेवढं मला पुरे आहे.

पुढे नात पहिल्यांदा मुलीच्या मांडीवर दिली. ती इतकुशी, मूठभर. मुलगी घाबरून माझ्याकडे पाहत म्हणाली, "आई, हिले कसं धरू वं?"

मी म्हटलं, "मले नाई माहीत, बेटा. सिस्टरले विचार." आणि भडभडून रडले.