सुमनची नडगी

त्या दिवशी दुपारी चारला मी बायकोच्या नडगीला पट्टा बांधला अन् मशीनचं बटण दाबलं. ते शेवटचं. तेव्हा म्हाईत न्हवतं.

मी बोर्ली पंचतनचा, चौथी शिकलेला. भूतखेत, देवऋषी असलं कधी मानलं न्हाय. आजही मानत न्हाय. तरी लिहितोय...

सुमन सुपारीच्या वाडीत पडली, नडगी मोडली. प्लास्टर झालं, पण हाड जुळेना. म्हसळ्याच्या डॉक्टरांनी हे पट्ट्याचं मशीन दिलं — लोहचुंबकाचे बारीक ठोके हाडाला जागं करतात म्हणे. रोज तीन तास. चार महिने मीच बांधायचो. ती वाल सोलत बसायची.

“पायाला रेडिओ बांधलाय, गाणं तरी लावा की वो!”

त्या शेवटच्या दिवशी सकाळीच नवा एक्स-रे काढला होता. भेग तशीच, काळी. डॉक्टर म्हणाले, आता ऑपरेशन.

“अवो, जुळलंय आतून. मला कळतंय. बघाच, समुद्रावर चालत जाईन.”

“डॉक्टरापेक्षा तुला जास्त कळतं? गप बस.”

ती गप बसली. पहाटे उठवायला गेलो, तर गार. हार्ट, म्हणाले.

तिसऱ्या दिवशी राख सावडायला गेलो. सगळ्या हाडांचा तडकून चुरा. ती एक नडगी तेवढी अख्खी... अन् मधे, मोडली होती तिथं, बांबूच्या पेरासारखी गाठ. पक्की. मी दाबून बघितली.

मुलगा दिनेश म्हणाला, “बाबा, ठेवा ते मडक्यात.” ठेवलं न्हाय. रुमालात गुंडाळलं, एसटीनं म्हसळा गाठलं. डॉक्टरांनी एक्स-रे लायटीवर लावला, शेजारी हाड धरलं. गाठीवरून अंगठा फिरवला.

“आगीत हाड तडकतं, बाबा. जुळत नाही.”

“मग हे?”

“मला नाही सांगता येत.”

मलाही न्हाय येत. मशीननं केलं म्हणावं, तर फोटोत का न्हाय दिसलं? एवढंच कळतं — तिला ठाऊक होतं, अन् मी तिला गप केली.

दुसऱ्या दिवशी सकाळी विसर्जनाला दिनेशनं रिक्षा आणली. मी परत पाठवली. हाड मडक्यात ठेवलं, मडकं छातीशी धरलं अन् चालत निघालो, तिच्या चालीनं. मासळीवालीच्या ओट्यावर ती नेहमी टेकायची, तिथं टेकलो. मग म्हटलं, “चल सुमे,” अन् पार पाण्यापर्यंत चालत गेलो.