तळ्याकाठची जाळी

आमच्या ह्यांना राग येत नाही, हा माझ्या संसारातला सगळ्यात मोठा वैताग. दोघांच्या वाटचं मला एकटीला रागवावं लागतं, आणि ते मी मनापासून करते.

हे मूळचे जाळी विणणारे. खेळाच्या जाळ्यांच्या कारखान्यात बावीस वर्षं गाठी मारल्या. कारखान्याला कुलूप लागलं तेव्हा फुटबॉलच्या स्टेडियमने त्यांना गोलच्या जाळ्या दुरुस्त करायला ठेवून घेतलं, मागच्या अंगाला दोन खोल्या दिल्या, आणि वर्ष सरायच्या आत शेजारचं तळंही गळ्यात मारलं. शेवाळ काढायचं, कचरा काढायचा, दिवे लावायचे.

तळं कसलं, खड्डा तो! प्रेक्षकांच्या पायऱ्यांखाली भर घालायला माती उपसली आणि बुजवायचा कंटाळा केला. मग आत जाड काळं प्लास्टिक अंथरलं, पाणी सोडलं, नि पाटी लावली 'सरोवर'. काठाशी छातीएवढं पाणी, मध्यभागी दोन पुरुष खोल. पण खरी मेख उतारात आहे. प्लास्टिक गुळगुळीत, त्यावर शेवाळ. आत घसरलेल्या माणसाचा पाय वर यायला ठरतच नाही.

हे कळलं कारण पहिले घसरले ते हेच. चार वर्षांपूर्वी, भर दुपारी. गळ्यातली शिट्टी वाजवत राहिले. स्टेडियममध्ये सराव चालू होता, सगळ्यांना वाटलं पंचांचीच शिट्टी. दोन तासांनी माळी पाण्याचा पाइप घ्यायला आला, तोच पाइप टाकून त्याने ह्यांना वर ओढलं. घरी आले तेव्हा ओठ निळे, बोटांची नखं तुटलेली.

"अहो, ओरडायचं नाही का?"

"ओरडलो ना. दोनदा."

दोनदा! अशा माणसाशी भांडायचं तरी कसं?

दुसऱ्या दिवसापासून त्यांनी गोलच्या टाकून दिलेल्या जाळ्या घरी आणायला सुरुवात केली. स्वयंपाकघरात, पलंगाखाली, जिकडे तिकडे जाळ्या. मीही गाठी मारल्या. महिन्याभरात तळ्याला चहूबाजूंनी जाळी लागली, वरच्या कठड्याला बांधलेली आणि खाली पाण्यात सोडलेली. पडलेल्या माणसाने बोटं अडकवायची आणि शिडी चढल्यासारखं वर यायचं. ह्यांनी स्वतः कपड्यांनिशी उतरून, चढून पाहिलं. मी काठावर उभी राहून शिव्या घातल्या.

पण स्टेडियमच्या मॅनेजरना जाळी खुपली. मी त्यांना इस्त्रीसाहेब म्हणते, कारण त्या माणसाच्या अंगावर कधी एक चुणी दिसली नाही, आणि कपाळावर कधी आठी नाही. म्हणाले, "वरून कॅमेऱ्यात फार गबाळं दिसतं हो." प्रत्येक मोठ्या सामन्याआधी त्यांची माणसं येऊन जाळी कापून नेत. सामना झाला की हे नवी बांधत. सोबत एक अर्ज, की काठ धोक्याचा आहे, जाळी राहू द्यावी. असे सहा अर्ज गेले. उत्तर एकाचंही नाही. माझ्या तळपायाची आग मस्तकात जायची, नि हे आपले शांतपणे सातवी जाळी विणत बसायचे.

मग अंतिम सामना आला. काठ पुसून लख्ख. शेवटच्या मिनिटाला आपल्या संघाने गोल केला, लोक बेभान होऊन बाहेर धावले आणि धडाधड तळ्यात उड्या! मी मागच्या दारात कपडे वाळत घालत होते. आधी हसण्याचा आवाज आला. मग हसणं थांबलं. सतरा माणसं उतार नखांनी ओरबाडत होती, एकमेकांच्या अंगावर घसरत होती, आणि मागचे पुढच्यांना मध्याकडे लोटत होते.

हे उलटे मैदानात पळाले. मला वाटलं, घाबरले. तर परत आले ते ज्या गोलमध्ये चेंडू गेला होता त्याचीच जाळी कापून, खांद्यावर टाकून! एक टोक कठड्याला बांधलं, दुसरं खाली सोडलं. मी आणि माळ्याने जाळी वरून ताणून धरली. सतराच्या सतरा माणसं वर आली. एकाचा खांदा निखळला, तेवढंच.

तिसऱ्या दिवशी नोटीस आली. शाबासकीची नव्हे. विजयाची जाळी काचेच्या कपाटात ठेवायची होती म्हणे, ती 'कर्मचाऱ्याने विनापरवाना नष्ट केली'. नोकरीवरून का काढू नये, त्याचा खुलासा द्या.

मी ह्यांच्यासोबत इस्त्रीसाहेबांच्या खोलीत गेले आणि तोंडाचा पट्टा सोडला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. म्हणाले, "वहिनी, तळ्यात आजवर एकही माणूस दगावलेला नाही. मग धोका कशावरून म्हणायचा?"

"म्हणजे एखादा मेला असता तर जाळी मिळाली असती?"

"तसं नाही हो," असं म्हणून त्यांनी एक कागद पुढे सरकवला. 'तळं सुरक्षित आहे, जाळीची गरज नाही, यापुढे मी जाळी बांधणार नाही.' एवढ्यावर सही केली तर नोटीस मागे. नाहीतर महिन्याअखेर खोल्या रिकाम्या करा.

ह्यांनी पेन हातात घेतलं नाही. माझ्याकडे पाहिलं. एवढी मी बोलणारी, पण मला त्या दोन खोल्या दिसल्या, ह्यांचं अठ्ठावन्न वय दिसलं. मी म्हणाले, "करा सही."

त्यांनी केली. माझ्यावर ओरडले असते तर बरं झालं असतं.

काल पुढचा सामना होता. दुपारी हे गमबूट काढून अनवाणी निघाले. कमरेला दोर, दोराचं दुसरं टोक कठड्याला बांधलेलं. लोक यायला लागले तसे ते उतारावरून खाली गेले आणि छातीएवढ्या पाण्यात उभे राहिले.

"अहो, हे काय? सही केलीत ना तुम्ही!"

"जाळी बांधणार नाही असं लिहून दिलंय. पाण्यात उभा राहणार नाही, असं कुठे लिहिलंय? कोणी पडलं तर दोर आहे. अंगावरून चढून जाता येईल."

सामना संपेपर्यंत तसेच उभे. लोक कठड्याला टेकून फोटो काढत होते. "काका, पाणी कसं आहे?" विचारून खिदळत होते. मी तावातावाने त्यांच्या अंगावर धावून गेले. "लाज नाही वाटत? कोणामुळे उभा आहे तो माणूस, माहीत आहे?"

एकाने खरंच विचारलं, "कोणामुळे?"

'करा सही' म्हणणारी मी, कठड्याशी गेले आणि ह्यांचा दोर दोन्ही हातांनी धरून ठेवला.