बघायला आलोय

पन्हाळ्यावर त्या काळी माणसं दोनच कारणांनी यायची: गड बघायला, नाहीतर मुलगी बघायला. कचेरीच्या कामाला येणारे मी धरत नाही. ते ताटकळायला यायचे.

संस्थान विलीन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. मी सोळा वर्षांची, सातवी फायनल पास झालेली आणि आबांच्या भाषेत 'घरात बसलेली'. मला कोल्हापूरला ट्रेनिंगला जाऊन मास्तरीण व्हायचं होतं. फॉर्म भरून ठेवला होता, पाकिटावर पत्ता घालून तिकीटही चिकटवलं होतं. अडलं होतं ते आबांच्या सहीपाशी. आबा, माझे वडील, कचेरीत कारकून. दिवसभर तालुक्याचे कागद पुढे सरकवणारा हा माणूस माझा एक कागद दोन महिने देवाच्या तसबिरीमागे दाबून बसला होता. विचारलं की म्हणायचे, "बघू की."

मे महिन्यातल्या एका रविवारी गडहिंग्लजहून मला बघायला पाहुणे येणार होते. मुलाचे मामा, मामी आणि आजी. मुलगा स्वतः यायचा नव्हता. मामांनी हो म्हटलं की झालं, आणि माझं ट्रेनिंग तिथंच बुडालं. कुठल्या गाडीनं येणार, तेवढं पत्रात नव्हतं.

सकाळी दहाच्या सुमाराला शेजारच्या काकू दारातूनच ओरडल्या, "आवो, पावणं आलं की! चौकात उभी होती. कशाला आलाय इचारलं तर म्हनत्यात, बघाय आलोय. म्हटलं, चला, दाखवनारं घर ठाव हाय मला."

एक जाडसर गृहस्थ, त्यांची बायको आणि काठी टेकत आलेली म्हातारी. हिशेब बरोबर जुळत होता. आबांनी घाईघाईनं टोपी घातली. आईनं मला नवं इरकली लुगडं नेसवलं आणि पोह्यांच्या बशा हातात देऊन बाहेर ढकललं. मी पाटावर बसले. जीव असा चडफडत होता की पाट उचलून आपटावा.

पाहुण्यांनी पोहे मात्र मनापासून खाल्ले. मग गृहस्थ म्हणाले, "दुपारच्या गाडीनं परतायचंय. तेव्हा बघण्यासारखं काय ते आधीच सांगा."

"सगळंच हाय की," आबा म्हणाले. "आमच्यात झाकून ठेवण्यासारखं काय न्हाय."

गृहस्थांनी माझ्या डोक्यावरून नजर टाकली. माझ्यामागे खिडकी होती आणि खिडकीबाहेर गडाचा तट. पण ते कुणाच्या ध्यानात येणार! "अजून मजबूत आहे हो," ते बायकोला म्हणाले. "पडझड फारशी नाही."

आबा खुलले. "घरचं दूधदुभतं हाय."

गृहस्थ जरा गोंधळले, पण बोलण्याची हौस दांडगी. "तुमचं मात्र आश्चर्य वाटतं. इतकं चांगलं हाताशी असून पुढे काही केलं नाहीत. नुसतं पडून आहे! आमच्याकडे पुण्याला असतं, तर कुठल्या कुठे नेलं असतं."

पुण्याचं नाव निघाल्यावर तरी आबांना शंका यायला हवी होती. पण त्यांच्या कानात 'नुसतं पडून' एवढंच शिरलं, आणि ते वर्मी लागलं. ते ताडकन उठले.

"केलं न्हाय कसं? करनार की! जूनला कोल्हापूरला ट्रेनिंगला घालतोय." तसबिरीमागचा फॉर्म त्यांनी ओढून काढला, पेन उघडलं आणि सगळ्यांच्या देखत झोकदार सही ठोकली. "ह्यो बघा फॉर्म!"

गृहस्थ फॉर्मकडे बघत राहिले. "ट्रेनिंग? किल्ल्याला?"

म्हातारीनं काठी पुढे ओढत विचारलं, "अहो, गड दाखवणारे ते तुम्हीच ना?"

मला हसू फुटलं. माझं हसणं चार घरं पलीकडे ऐकू जातं, म्हणून आई नेहमी दटावायची. त्या दिवशी ते कचेरीपर्यंत गेलं असेल. आईला वेगळीच काळजी. पोहे संपले होते आणि खरे पाहुणे यायचेच होते. आबा मटकन खाली बसले, आणि त्यांनी फॉर्म उचलायच्या आत मी तो उचलून पाकिटात घातला.

"आबा, बिचाऱ्यांस्नी गड तरी दाखवून आणतो," मी म्हणाले आणि उत्तराची वाट न बघता तिघांना घेऊन सटकले.

पहिलं प्रेक्षणीय स्थळ दाखवलं ते टपालाची लाल पेटी. पाकीट आत पडल्याचा आवाज मी कान लावून ऐकला. मग मात्र गड दाखवला तो असा, की तसा कुणी दाखवला नसेल. तीन दरवाजाच्या कोरीवकामावरून हात फिरवायला लावला. अंधारबावीच्या पायऱ्या उतरून विहिरीत हाक मारली. सज्जा कोठीच्या गच्चीवरून खालचं सगळं खोरं दाखवलं. गडावर त्या दिवशी माझ्याएवढं आनंदी कुणी नव्हतं. गृहस्थ घाम पुसत म्हणाले, "तू मास्तरीण होणारच!"

घरी आले तर आबा ओट्यावर.

"फॉर्म कुठाय?"

"पेटीत टाकला."

"कुठल्या पेटीत?"

"लाल."

आबा उठून आत गेले आणि तसबीर सरळ करून परत येऊन बसले.

चार वाजता खरे मामा-मामी आणि आजी आली. आबांनी नमस्कार केला, पाणी दिलं. मी आत दाराआड उभी होते. सही झाली म्हणून काय, आबा उद्या पोस्टमास्तरांना गाठून पाकीट परत मागू शकत होते. मामांनी पान जुळवत विचारलं, "मग, मुलीला बोलवायचं न्हवं?"

"बोलवतो की," आबा म्हणाले. "पर आधी सांगतो. पोरगी ट्रेनिंगला चाललीया. सकाळी पुण्याच्या पावण्यांपुढं सही केलीया मी, आता माघार न्हाय. दोन वर्सं थांबनार असाल तर बघा."

मामांनी मामीकडे बघितलं, मामीनं आजीकडे. दोन वर्षं थांबणाऱ्यांतले ते नव्हते.

एवढ्या लांबून आलेच होते म्हणून पाहुण्यांनी मग गड तेवढा बघितला. दाखवायला मीच गेले.