जीपच्या टपावरचे दोन दिवे

मे महिन्यात एका सकाळी आमची सरकारी जीप नागपूरच्या लकडगंजात वासुदेव मिस्त्रींच्या दुकानापुढे उभी राहिली. मी गुरांचा डॉक्टर, साताऱ्याहून नुकताच आलेला. भिवापूरकडच्या एका गावात घटसर्पाने (गुरांचा गळा सुजवणारा रोग) बैल दगावले होते. बाकीच्यांना लगेच लस टोचायची होती. पण गुरं रानातून परतणार दिवस बुडताना, आणि जीपच्या पुढच्या झोतांनी ती बुजत. उजेड वरूनच हवा होता.

मिस्त्रींनी पत्र्याच्या टपावर दोन दिवे बसवले. वायर आत घ्यायला मी छताला भोक पाडू लागलो, तसे ते ओरडले, "थांबा जी डॉक्टर! भोक काहून पाडता? पावसाचं पानी तुमच्याच डोक्यावर पडन."

त्यांनी वायर पुढच्या काचेच्या कडेने खाली उतरवली, मध्ये फ्यूज घालून बॅटरीला जोडली. निघताना दोन जादा फ्यूज हातावर ठेवले. "फ्यूज जळला तं समजा, वायर पत्र्याले लागून राहिली. आधी ते जागा शोधा, मंग दुसरा लावा."

उमरेडला वडाभात (डाळीचे वडे कुस्करून, वर फोडणीचं तेल घेतलेला भात) खाल्ला. भिवापुरात मिरचीच्या पोत्यांजवळून जाताना ड्रायव्हर शामराव आणि मी शिंकून शिंकून बेजार झालो. पुढचा रस्ता नुसता खड्ड्यांचा.

गावच्या आखरात (गुरं गोळा होण्याची जागा) पोचलो तेव्हा अंधारून आलं होतं. बटण दाबलं. दिवे लागले आणि लगेच गेले.

"गेले ना गा दिवे!" कोणीतरी हसलं.

पुढेच उभी असलेली सखुबाई हसली नाही. तिच्या जोडीतला एक बैल परवाच मेला होता. दुसऱ्याचं दावं हातात होतं. "डॉक्टरसाहेब, उद्या या म्हनान का आता? उद्यापर्यंत हा राहीन का?"

मी टपावर चढलो. शामरावने कंदील वर धरला. वायरवरून बोटं फिरवत गेलो आणि दिवे बसवलेल्या लोखंडी पट्टीपाशी थबकलो. खड्ड्यांच्या हादऱ्यांनी वायर पत्र्याच्या धारेवर घासून तांबं उघडं पडलं होतं. कोणीतरी सायकलची जुनी ट्यूब आणून दिली. तिची पट्टी कापून घट्ट गुंडाळली, वायर धारेपासून दूर ओढून सुतळीने बांधली. नवा फ्यूज घातला.

"दाबा, शामराव!"

आखर लख्ख उजळलं. गुरं शांत उभी होती. पहिली सुई सखुबाईच्या बैलाला. शेवटच्या वासराला टोचलं तेव्हा खांदा भरून आला होता आणि लोक जीपभोवती टाळ्या वाजवत होते.

परतताना पत्र्याच्या धारेने सोललेल्या बोटांकडे मी पुन्हा पुन्हा पाहत होतो. डॉक्टरकीची पदवी मिळाली त्या दिवशीही मला एवढा अभिमान वाटला नव्हता.

"साहेब, टपावरचे बंद करू का?" शामरावने विचारलं.

"राहू द्या," मी म्हणालो. "भिवापूरकरांना दिसू देत."