सासरी गेलेली सरकी

“हे काय आहे?” साहेबांनी कपाशीचं एक झाड मुळासकट उपटून माझ्यासमोर धरलं. झाडाला पांढरं फूल होतं. त्या शेतात पांढरं फूल दिसायलाच नको होतं.

आम्ही असोद्याला ओंकारनानांच्या वावरात उभे होतो. इंग्रजी अमलातली गोष्ट. मी शेतकी खात्यात ओव्हरसियर होतो आणि साहेब म्हणजे पुण्याहून तपासणीला आलेले डेप्युटी डायरेक्टर. खात्याने लांब धाग्याची नवी कपाशी काढली होती. तिला पिवळं फूल यायचं, गावठीला पांढरं. लांब धाग्यात आखूड धागा मिसळला की गिरण्या त्या रुईला, म्हणजे बी काढलेल्या कापसाला, विचारत नाहीत. म्हणून आम्ही नानांना आणि गावातल्या काही शेतकऱ्यांना शुद्ध सरकी, म्हणजे कपाशीचं बी, दिली होती. अट एकच, सरकी गावाबाहेर जाता कामा नये.

“रोगिंग करून घेतो,” मी म्हणालो. रोगिंग म्हणजे परकी झाडं वेचून उपटणं.

“काय उपटणार? अर्धं शेत पांढरं आहे. असोद्याचं बियाणं बंद. जिल्ह्यातली योजनाच गुंडाळा, असं मी लिहिणार आहे.”

ही कपाशी घ्या म्हणून नाना दारोदार फिरले होते. आता ते मान खाली घालून उभे होते. त्यांची बायको, अक्का, शेजारच्या ओळीत तण निंदत होत्या. त्याच उठून आल्या.

“त्याईले काय विचारता? मीच देली सरकी. पोरगी आखाजीले आली व्हती. तिले रिकाम्या हाती कशी लावून देऊ? मंग इथं कमी पडली, त जिनातली मिसळली.”

आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, हा आमच्याकडे माहेरवाशिणींचा सण. आणि जिनात, म्हणजे कापसातून सरकी वेगळी काढतात त्या कारखान्यात, साऱ्या गावांची सरकी एकाच ढिगात पडते. भेसळ कुठून आली ते कळलं. इतर घरांतही हेच झालं होतं.

“गावाबाहेर द्यायची नाही, हे कबूल केलं होतं ना?” साहेबांनी विचारलं.

“पोरीचं घर काय गावाबाहेर असते, साहेब?”

साहेबांना हसू आलं, पण त्यांनी ते दाबलं. मला तेवढं पुरे होतं. जळगावला परतताना टांग्यात मी विषय काढला.

“साहेब, अट बदलू या. लेकीच्या वाट्याची सरकीसुद्धा आपणच देऊ. बाप जामीन. जावयाच्या शेतात भेसळ निघाली, तर बापाचं बियाणं बंद.”

“बाप जामीन राहील?”

“व्याह्यासमोर कमीपणा घ्यायला इथे कोणी तयार नसतो.”

त्यांनी डायरी उघडली. मग म्हणाले, “पुण्याला काय कळवू? आखाजी?”

“‘दुय्यम वाटप केंद्र’ लिहा.”

त्यांनी तसंच लिहिलं. एका हंगामापुरती मंजुरी आली.

त्या हंगामात मला फारसं काम उरलं नाही. नाना आपणहून लेकीच्या गावी जायचे आणि व्याह्यांच्या देखत रोगिंग करायचे. जावई म्हणे सासरे येणार कळलं की आदल्या दिवशीच पांढऱ्या फुलांची झाडं उपटून ठेवायचा. साहेब पुन्हा आले तेव्हा दोन्ही गावांत फिरले. सगळीकडे पिवळं. व्यापाऱ्यांनी त्या रुईची थप्पी शुद्ध माल म्हणून वेगळी लावली. मला इतका आनंद झाला की मी तिथेच नानांचा हात धरला. योजना पुढे चालू राहिली.

मग ही कपाशी धरणगावला न्यायची पाळी आली. मी जमिनीचे नकाशे, पावसाची नोंद, सगळं टेबलावर मांडून बसलो होतो. साहेबांनी ते बाजूला सारलं.

“हे नंतर बघू,” ते म्हणाले. “धरणगावच्या मुली कुठे कुठे दिल्यात, ते आधी सांगा.”